श्वानाचा गुडघा

कोल्हापूर हें मल्लांचें गांव. येथील माणसास गुडघ्याचें मोल निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. शाहू छत्रपतींनीं उभारलेलें खासबागचें मैदान १९१२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून तेथल्या मातींत किती गुडघे मुरगळले आणि किती कायमचे अधू झाले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाहीं. परंतु एखाद्या नामांकित मल्लाच्या गुडघ्यानें ऐन डावांत दगा दिला, कीं ती बातमी तालमींतून पेठेंत आणि पेठेंतून खेडोपाडीं जाते. वस्ताद धांवून येतात, हाडवैद्यास बोलावणें जातें, दुधाचा रतीब चालूच राहतो. आणि पैलवान पुन्हां पायावर उभा राहीपर्यंत लोकांच्या तोंडीं दुसरा विषय नसतो.

याच मुलखांत दुसराहि एक धांवपटू पिढ्यान्‌पिढ्या नांदला आहे. तो म्हणजे माळरानावरील शिकारी कुत्रा. त्याचाहि गुडघा केव्हां तरी दगा देतो; पण त्याची बातमी होत नाहीं. कुत्रा आपलें दुखणें सांगत नाहीं. तो मागचा एक पाय उचलून धरतो आणि उरलेल्या तीन पायांवर चालूं लागतो. पाहणारा म्हणतो, "लंगडा झाला." त्यापुढचा प्रश्न ठरलेला असे : "आतां याचा काय उपयोग?" या एका प्रश्नापाशीं त्या मुक्या प्राण्याच्या दुखण्याचा इतिहास शतकानुशतकें थांबून राहिला होता. तो पुढें कसा सरकला, आणि गुडघ्याच्या आंतली एक बोटभर दोरी ओळखण्यास मनुष्यास किती काळ लागला, याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम त्या कुत्र्याची ओळख करून घेणें योग्य होईल. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि त्यांस लागून असलेले विजापूर, बागलकोट हे जिल्हे, एवढ्या टापूंत 'कारवानी' या नांवाची शिकारी कुत्र्यांची जात प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर हिचे पूर्वज आशिया खंडाच्या पश्चिम व मध्य भागांतून दक्षिणेंत आले, असें मानण्याचा प्रघात आहे. नांवहि त्यावरूनच पडलें. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, पाठीस लागलेलें पोट, उंच सडपातळ पाय, आणि अंगावर मांसाचा एक तोळाहि फाजील नाहीं, अशी याची ठेवण. लांब मऊ केसांच्या प्रकारास पश्मी म्हणतात. हा कुत्रा वासापेक्षां नजरेच्या बळावर शिकार करतो. माळावर ससा उठलेला दिसला, कीं बाण सुटावा तसा तो सुटतो. मुधोळचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीस राजाश्रय दिला, आणि तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यामुळें इंग्रजी वाचणाऱ्या लोकांत ही जात 'मुधोळ हाउंड' या नांवानें ओळखली जाऊं लागली.

कोल्हापूरच्या दरबारीं तर शिकारीचा थाट मोठाच होता. पाळीव चित्ते सोडून काळवीट मारण्याचा खेळ ज्या थोड्या संस्थानांत अखेरपर्यंत टिकला, त्यांत कोल्हापूर हें एक प्रमुख. देशी चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हां ते आफ्रिकेंतून आणविण्यांत आले. राजाचा चित्ता आणि शेतकऱ्याचा कारवानी हे एकाच माळावरचे धांवपटू. फरक एवढाच, कीं चित्त्याच्या दिमतीस माणसें असत, आणि कारवान्यास मालकाच्या ताटांतील उरलेली भाकरी मिळे.

शिकारी श्वानाचा गौरव या दक्षिण देशास नवा नाहीं. कर्नाटकांतील मंड्या जिल्ह्यांत आतकूर येथें दहाव्या शतकाच्या मध्यास कोरलेला एक शिलालेख मिळाला आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण यानें तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला, त्या काळची ही गोष्ट. सम्राटाचा साहाय्यक गंगराजा बूतुग याच्या पदरीं मणलेर नांवाचा वीर होता. पराक्रमाबद्दल बक्षीस माग, असें राजानें म्हणतांच त्यानें गांव मागितला नाहीं कीं सोनें मागितलें नाहीं; त्यानें राजाजवळचें 'काळी' नांवाचें शिकारी कुत्रें मागितलें. पुढें त्या कुत्र्याची एका दांडग्या रानडुकराशीं गांठ पडली आणि झुंजींत दोघांचाहि अंत झाला. मणलेरानें त्याच्या स्मरणार्थ शिळा उभी केली, तिच्यावर ती झुंज कोरविली आणि शिळेच्या पूजेअर्चेकरितां जमीन लावून दिली. यानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचविला. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें 'सारमेयविनोद' या नांवानें कुत्र्यांच्या खेळास स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. त्या काळीं कोल्हापुरास चालुक्यांचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. तेव्हां ज्या राजदरबाराच्या छायेंत हें नगर वाढलें, तेथें श्वानविद्येस ग्रंथांत स्थान होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु येथेंच एक गोष्ट लक्षांत येते. वीरगळ उभा राहतो तो झुंजींत पडलेल्याचा. लंगडत घरीं परत आलेल्याचा नाहीं. काळीची झुंज दगडावर राहिली. तिच्यासारख्याच ज्या शेंकडों कुत्र्यांचे पाय खांचखळग्यांत अडकून, झुडपांतून उड्या घेतांना, जातां जातां एकाएकीं वळतांना निकामी झाले, त्यांच्या नांवें शिळा नाहीं आणि ओळहि नाहीं. याला निव्वळ निष्ठुरपणा म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या घरांत माणसांचें पोट भरून उरेल तो तुकडा कुत्र्याचा, त्या घरीं न धांवणारा कुत्रा पोसणें ही चैनच होती. उपाय म्हणून जें कांहीं होई, तें गुरांवरून उचललेलें असे. पाय शेकणें, पाला वाटून बांधणें, आणि शेवटीं तापल्या लोखंडानें डागणी देणें. डागणीनें कातडी भाजते. आंतली तुटलेली दोरी जुळत नाहीं. मात्र डागलेलें कुत्रें वेदनेनें कांहीं आठवडे एका जागीं पडून राही, आणि चणीनें लहान असलें तर त्या सक्तीच्या विसाव्यानें बरेंहि होई. गुण विसाव्याचा, श्रेय डागणीचें, असा हा हिशेब होता. आणि म्हणूनच ती चाल इतकी वर्षें टिकली.

आतां ही दोरी म्हणजे काय, तें पाहूं. पुष्कळांचा असा समज असतो, कीं कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागल्या अंगास कोन करून दिसतो तोच त्याचा गुडघा. वस्तुतः ती त्याची टांच होय. कुत्रा बोटांवर चालतो, म्हणून त्याची टांच जमिनीपासून उंच राहते. खरा गुडघा तिच्याहि वर, पोटाच्या कडेलगत, पुढच्या बाजूस असतो. तेथें मांडीच्या हाडाचीं दोन गोल टोकें नडगीच्या हाडाच्या माथ्यावर टेकलेलीं असतात. हाडावर हाड घासूं नये म्हणून मध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. आणि सांध्याच्या अगदीं गाभ्यांत, एकमेकांस फुलीसारखे छेदून जाणारे दोन चिवट अस्थिबंध असतात. त्यांपैकीं पुढचा अस्थिबंध हा सर्वांत महत्त्वाचा. नडगीचें हाड पुढें सरकूं न देणें, तें आंतल्या बाजूस फार वळूं न देणें, आणि गुडघा मर्यादेपलीकडे ताठ होऊं न देणें, हीं तीन कामें तो एकटा करतो.

मनुष्याच्या गुडघ्यांतहि हेच अस्थिबंध आहेत. परंतु कुत्र्याच्या अस्थिबंधास विसांवा कमी. मनुष्य उभा राहतो तो गुडघा सरळ करून. कुत्र्याचा गुडघा उभ्या स्थितींतहि वांकलेलाच असतो. शिवाय त्याच्या नडगीचा माथा सपाट नसून मागच्या अंगास उतरता असतो, आणि हा उतार सरासरीनें २५ अंशांच्या आसपास भरतो. घाटाच्या उतरणीवर बैलगाडी उभी करतांना गाडीवान चाकास दगड लावतो. तो दगड निसटला तर गाडी आपल्याच भारानें घसरूं लागते. कुत्र्याच्या गुडघ्यांत तसेंच घडतें. अंगाचा भार पडतांच मांडीचें हाड त्या उतारावरून मागें जाऊं पाहतें आणि नडगी पुढें ढकलली जाते. प्रत्येक पावलागणिक ही ओढ धरून ठेवणारा दगड म्हणजे हा अस्थिबंध. तो तुटला, कीं पाऊल टेकतांच सांधा निसटतो, कूर्चा चेंगरते, आणि प्राणी पाय उचलून धरतो.

हें ज्ञान एका दिवसांत झालेलें नाहीं. आणि गंमत अशी, कीं त्याची सुरुवातहि एका आखाड्याच्या वैद्यापासूनच होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन नांवाचा ग्रीक वैद्य पर्गामम नगरींत ग्लॅडिएटर म्हणजे आखाड्यांत शस्त्रांनीं लढणाऱ्या योद्ध्यांच्या शुश्रूषेस नेमलेला होता. त्यांचे छिन्न सांधे त्याच्या नित्य पाहण्यांत येत, आणि पुढें त्यानें पशूंचीं शरीरें चिरून शारीरशास्त्राचा अभ्यास केला. गुडघ्यांतील फुलीच्या अस्थिबंधांचें वर्णन त्याच्याच नांवावर आहे. खासबागेचें मैदान बांधवितांना शाहू छत्रपतींच्या मनासमोर रोमचें प्राचीन क्रीडांगण होतें असें सांगतात. त्या रोमन आखाड्यांच्या रक्तांतूनच गुडघ्याच्या विद्येचा हा पहिला धडा लिहिला गेला, हें कोल्हापूरकरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

गेलननंतर सुमारें सोळाशें वर्षांनीं, १८३६ सालीं, जर्मनींतील वेबर बंधूंनीं मनुष्याच्या चालण्याचें यंत्रशास्त्र तपासून या अस्थिबंधांचें कार्य काय, तें दाखवून दिलें. १८७५ सालीं नूलिस या ग्रीक वैद्यानें पॅरिस येथें सादर केलेल्या प्रबंधांत, मांडी एका हातानें व नडगी दुसऱ्या हातानें धरून, नडगी पुढें सरकते कीं काय हें पाहण्याची परीक्षा सांगितली. टेबलाचा खण बाहेर ओढावा तशी नडगी पुढें आली तर अस्थिबंध तुटला असें समजावें, ही ओळखण्याची रीत वैद्यांच्या हातीं आली. १८९५ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें मेयो रॉबसन यानें एका खाणकामगाराच्या गुडघ्यांतील तुटलेले अस्थिबंध शिवले, आणि तो मनुष्य पुन्हां कामावर जाऊं लागला. १९१७ सालीं ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यानें त्याहून पुढचें पाऊल टाकलें. तुटका धागा शिवीत बसण्याऐवजीं मांडीच्या बाजूचा चिवट पडदा पट्टीसारखा कापून, हाडांतून भोंक पाडून, तो त्यानें नव्या अस्थिबंधाच्या जागीं ओंवला.

हें सर्व मनुष्याचें झालें. कुत्र्याकडे या काळांत कोणाचें लक्ष नव्हतें. त्याचें कारण पशुवैद्यकाच्या जन्मांतच आहे. आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नांवानें गजवैद्यक प्रसिद्ध झालें. कारण घोडा व हत्ती यांवर राज्यें अवलंबून होतीं. इंग्रजी अमदानींतहि तोच न्याय चालला. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पश्चिम हिंदुस्थानांत या विद्येचा पाया त्यानें घातला. परंतु शिकून बाहेर पडणाऱ्या वैद्यासमोर पलटणीचा घोडा, शेताचा बैल आणि दुभतें जनावर हीं आधीं उभीं असत. बुळकांड्या रोगानें गांवेंच्या गांवें गुरांवांचून ओस पडत असतां कुत्र्याचा गुडघा पाहण्यास सवड कोणास असणार? घोडा पलटणीचा, बैल शेताचा आणि कुत्रा हौसेचा, अशी ती प्रतवारी होती.

शास्त्रीय वाङ्मयांत कुत्र्याच्या या अस्थिबंधाच्या तुटण्याचें पहिलें वर्णन १९२६ सालीं कार्लिन यानें केलें. पुढें १९५२ सालीं हेलसिंकी येथें साकी पात्सामा या फिनलंडच्या पशुवैद्यानें कुत्र्याच्या गुडघ्यांतील अस्थिबंधांच्या इजांवर प्रबंध लिहिला, आणि हे ग्रोव्ह्जनें मनुष्याकरितां योजिलेली रीत कुत्र्याच्या पायास लागू करून दाखविली. योगायोग असा, कीं याच १९५२ सालीं भारतांतून चित्ता नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. माळावरचा एक धांवपटू कायमचा गेला, आणि त्याच वर्षीं दुसऱ्याच्या पायाची दखल घेणारा ग्रंथ झाला.

तेथून पुढें प्रगति भराभर झाली. १९७० सालीं दोघां अमेरिकन शल्यवैद्यांनीं, सांध्याच्या आंत नवा अस्थिबंध घालण्याऐवजीं, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगानें मजबूत टांके घेऊन नडगी जागीं धरून ठेवण्याची सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. पुढें पुढें या कामीं मोठ्या माशांच्या गळास लावतात तसली नायलॉनची जाड दोरी वापरली जाऊं लागली. टांके कांहीं महिन्यांनीं सैल पडतात. पण तोंवर सांध्याभोंवतीं शरीर स्वतःच जाड आवरण तयार करतें आणि पाय स्थिर होतो. यानंतर बार्कले स्लोकम या ऑरेगॉनच्या पशुवैद्यानें प्रश्नाची दिशाच बदलली. दोरी पुन्हां बांधण्यापेक्षां उतारच कां काढूं नये, असा त्याचा विचार होता. १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्याच्या रीतींत नडगीचा माथा कमानदार करवतीनें कापून फिरवितात, आणि उतार जवळजवळ सपाट करून धातूची पट्टी व स्क्रू यांनीं तो पक्का करतात. उतरण गेली, म्हणजे गाडीच्या चाकास दगडाची गरज उरत नाहीं. मोठ्या कुत्र्यांच्या बाबतींत आज ही शस्त्रक्रिया जगभर होते.

मात्र प्रत्येक कुत्र्यास शस्त्राची गरज असते असेंहि नाहीं. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, शस्त्रक्रियेवांचून नुसत्या विसाव्यावर ठेवलेल्या कुत्र्यांचा हिशेब दिला आहे. १५ किलोपर्यंत वजनाच्या कुत्र्यांपैकीं शेंकडा सुमारें ८५ बरीं झालीं किंवा सुधारलीं. त्याहून जड कुत्र्यांत मात्र हें प्रमाण शेंकडा १९ वर आलें. डागणीचें श्रेय कोणाचें होतें, तें या दोन आंकड्यांनीं स्पष्ट केलें.

या अभ्यासांतून सर्वांत अनपेक्षित अशी जी गोष्ट निघाली, ती आतां सांगितली पाहिजे. मल्लाचा किंवा चेंडूफळी खेळणाऱ्याचा अस्थिबंध बहुधा एका हिसड्यासरशीं तुटतो. कुत्र्याचा तसा तुटत नाहीं. विहिरीवरचा दोर रोजच्या घासण्यानें एक एक पदर सोडीत जातो, आणि एके दिवशीं अर्ध्या भरलेल्या घागरीनेंहि तुटतो. त्याप्रमाणें कुत्र्याचा अस्थिबंध महिनोन्‌महिने आंतल्या आंत झिजतो, आणि मग अंगणांतल्या साध्या उडीनें तुटतो. मालक त्या उडीस दोष देतो. दोष झिजेचा असतो. म्हणूनच एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचा दुसराहि गुडघा पुढें जातो. वंश, वाढतें वय आणि विशेषतः अंगावरचा फाजील भार यांचा या झिजेशीं निकट संबंध आहे. लॅब्राडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड या जड जातींत हें दुखणें वारंवार आढळतें.

उलट, सडपातळ ग्रेहाउंडाच्या पायांत तें क्वचितच दिसतें. शर्यतींत धांवणाऱ्या ग्रेहाउंडाचें टांचेपाशींचें हाड मोडतें, स्नायु फाटतात; पण गुडघ्यांतला हा अस्थिबंध बहुधा शाबूत राहतो. शरीराच्या वजनाच्या मानानें पाहतां, ग्रेहाउंडाचा अस्थिबंध तोडण्यास जितका जोर लागतो त्याच्या सुमारें अर्ध्या जोरानेंच रॉटवायलरचा तुटतो, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. कारवानी हा ग्रेहाउंडाच्याच घडणीचा. तेव्हां जुन्या काळीं माळावर लंगडा झालेल्या प्रत्येक कुत्र्याचा हाच अस्थिबंध तुटला होता, असें समजण्याचें कारण नाहीं. कोणाच्या पायांत कांटा मोडला असेल, कोणाचें हाड मोडलें असेल. तेव्हां पायांतला भेद पाहण्याची कोणास गरज वाटली नाहीं, हीच खरी गोष्ट. सर्व दुखण्यांस 'लंगडा' हें एकच नांव होतें.

या विद्येंत एक ऋणहि दडलेलें आहे, आणि तें सांगितल्यावांचून इतिहास पुरा होणार नाहीं. १९७३ सालीं पाँड आणि नूकी या दोघां संशोधकांनीं कुत्र्याच्या गुडघ्यांतील हा अस्थिबंध मुद्दाम कापला, आणि त्यानंतर सांधा कसा झिजत जातो तें पाहिलें. मनुष्याच्या म्हातारपणीं होणाऱ्या संधिवाताचा अभ्यास करण्यासाठीं ही रीत पुढें अनेक प्रयोगशाळांत वापरली गेली. उतारवयांत ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या दुखण्याविषयींच्या आजच्या ज्ञानांत कित्येक निरोगी कुत्र्यांच्या मुद्दाम अधू केलेल्या पायांचा वांटा आहे. मनुष्याच्या शस्त्रवैद्यकानें कुत्र्याचा पाय बरा करण्यास शिकविलें हें खरें. परंतु त्या उपकाराची फेड कुत्र्यानें आधींच, आणि व्याजासह, केलेली आहे.

आतां पुन्हां कोल्हापुराकडे वळूं. काळ पालटला आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें सशाची शिकार बंद झाली, आणि कारवान्याचें पिढीजात काम संपलें. त्याचा मान मात्र वाढला. २००५ सालीं टपाल खात्यानें मुधोळ कुत्र्याचें चित्र असलेलें तिकीट काढलें, आणि २०१६ पासून भारतीय सैन्यानें या जातीच्या कुत्र्यांस शिक्षण देण्यास आरंभ केला. दुसऱ्या बाजूनें, शहराच्या पेठांतून आणि उपनगरांतून लॅब्राडॉरसारखे जड विलायती कुत्रे घरोघर आले. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय घसरतात. सकाळीं गल्लीच्या टोंकापर्यंत फेरी, आणि उरलेला दिवस बिस्किटें, तूपभाकरी आणि झोंप. नामदेवांच्या हातची कोरडी भाकरी घेऊन कुत्रा पळाला, तेव्हां ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या कथेंतला कुत्रा धांवत होता, हें मात्र सोयीस्करपणें विसरलें जातें. आजच्या कुत्र्यास तूप मिळतें. धांवणें मिळत नाहीं. ज्या दुखण्यापासून माळावरच्या उपाशी कारवान्यास त्याच्या सडपातळ अंगानें वांचविलें, तें दुखणें घरांतल्या लाडक्यास लाडानेंच जडतें. पूर्वीं दारिद्र्यानें लंगड्या कुत्र्यास टाकलें. आतां प्रेमच त्यास लंगडें करूं लागलें आहे.

उपायहि पूर्वींसारखे दूर राहिलेले नाहींत. कोल्हापूरहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ सालीं निघालें, आणि शहरांतूनहि शिकलेले पशुवैद्य आहेत. ज्याच्या घरीं कुत्रा आहे त्यानें कांहीं खुणा ओळखाव्या. बसतांना मागचा पाय अंगाखालीं न घेतां बाजूला फेंकून बसणें. उभें असतां एका पायाचीं नुसतीं बोटें टेकणें. उठतांना पाय आंखडलेले असणें आणि थोडें चालल्यावर ते मोकळे होणें. एका मांडीचें मांस दुसरीपेक्षां उतरणें. गुडघ्याच्या आंतल्या अंगास जाडी येणें. हीं लक्षणें तुटण्याच्या पुष्कळ आधींहि दिसूं शकतात. त्या वेळीं भाकरी मोजून घालावी, उड्या व जिने बंद करावे, दोरी हातांत धरून सावकाश फिरवावें, आणि जाणत्या हाताकडून गुडघा तपासून घ्यावा. अंगावरचें वजन उतरविणें हा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि शस्त्रक्रिया झाली तरी तो चुकत नाहीं. मनुष्याच्या घरांतील वेदनाशामक गोळी मात्र कुत्र्यास आपल्या मनानें कधींहि देऊं नये. त्यांतील कित्येक गोळ्या त्यास विषासारख्या बाधतात.

गुडघा गेलेला मल्ल आखाड्याच्या कडेस बसून वस्ताद होतो. कोल्हापूर त्यास विसरत नाहीं. नवीं पोरें त्याच्या पायांस हात लावून मातींत उतरतात. लंगड्या कुत्र्याजवळ शिकविण्याजोगा डाव नसतो. तो उंबऱ्याशीं बसतो, आणि घरांतलें माणूस परत आलें म्हणजे तीन पायांवर उठून सामोरा येतो. त्याच्यासाठीं फार मोठें कांहीं करावयाचें नाहीं. "आतां याचा काय उपयोग?" हा जुना प्रश्न सोडून, त्याच्याजवळ खालीं बसून, तो कोणत्या पायावर भार देत नाहीं एवढें पाहावयाचें आहे. गेलनपासून स्लोकमपर्यंत ज्यांनीं ज्यांनीं या गुडघ्याचें कोडें सोडविलें, त्या सर्वांनीं आरंभ येथूनच केला.